चतुर्थीची सुकडी

शेवगावजवळच्या दुष्काळी कामावर मी मजुरांना भाजक्या पिठाची गोड सुकडी वाटायचे. त्यातली एक पोटुशी बाई अजून डोळ्यांपुढे तरळते. खडी फोडताना ती मधेच हातोडा ठेवायची आणि आपला काडीसारखा दंड चोळत बसायची.

एका चतुर्थीला मी तिच्यापुढे सुकडी धरली. शेजारी बसलेली तिची सासू म्हणाली, "उपास हाय तिचा."

"मी पोटात असताना माझ्या आईनं दुष्काळातबी समदे उपास धरले, आत्याबाई," ती म्हणाली. "ह्यो दंड कवाच भरला न्हाई. लेकराचा तरी भरू द्या."

"लई शानी झालीस!" म्हणत सासूनं स्वतःच्या वाट्याची सुकडीही तिच्या पदरात ओतली.

धुरळ्यानं पिवळ्या झालेल्या उन्हात ती डोळे मिटून सावकाश चावत राहिली. प्रत्येक घास आत कुठं पोचतोय, ते जणू ती पाहत होती.