बॅलार्ड या आडनावाविषयी, जमेल तेवढं

एस. वाय.ला असताना इंग्रजीच्या मॅडमनी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक इंग्रजी आडनाव. ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय आणि ते लोकांत किती चालतं, यावर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं, कागद हातात न घेता. ज्यांना टी. वाय.ला इंग्रजी हा मुख्य विषय हवा आहे त्यांनी बोललंच पाहिजे, ज्यांना जमणार नाही त्यांनी दुसरा विषय बघावा, असं मॅडम म्हणाल्या. रागावून नाही म्हणाल्या, पण म्हणाल्या.

मला इंग्रजीच हवं होतं. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे कुठला विषय सोपा, कुठला अवघड, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि मला जो आवडला तो मी धरून बसले होते. वाचलेलं समजायचं. बोलायचं म्हटलं की पंचाईत. पहिल्या वर्षी शिक्षकदिनाला मी भाषणाला उभी राहिले आणि 'रिस्पेक्टेड' एवढा एकच शब्द बोलून खाली बसले. नंतर बरेच दिवस वर्गातली मुलं मला बघून अदबीनं मान झुकवायची.

मैत्रिणींना स्मिथ, बेकर, फिशर अशी आडनावं आली. लोहार, पाववाला, कोळी. अर्थ आडनावातच दिसणारा. मला बॅलार्ड आलं.

मुंबई बंदरातलं बॅलार्ड पिअर ऐकून माहीत होतं, कारण आमच्या शिरवणे गावातले एक काका तिथल्या गोदीत कामाला होते; ते नाव कुणा बॅलार्ड साहेबावरून पडलं, असं ते सांगायचे. म्हणून मी लगेच ठरवून टाकलं की विलायतेत बॅलार्ड नावाचं गाव असणार आणि तिथला माणूस तो बॅलार्ड. आपल्याकडे गावाला 'कर' जोडला की आडनाव होतं, त्यांच्यात 'कर' जोडत नसतील, एवढाच काय तो फरक. लायब्ररीतल्या नकाशांच्या पुस्तकात मी अख्खं इंग्लंड पालथं घातलं. गाव सापडेना. तेव्हा, गाव अगदीच लहान असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शेवटी लायब्ररीतल्या सरांनी विचारलं, "रोज येऊन काय शोधतेस? काही हरवलंय का?"

"गाव, सर."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून आडनावांचा एक जाडजूड कोश काढून समोर ठेवला. "हा आहे ना इथं. तू थेट विलायतेलाच निघालीस."

बॅलार्डविषयी त्यात दोन-चार ओळीच होत्या. जुन्या इंग्रजीत टकल्या माणसाला बॅलार्ड म्हणत. कुणाला तरी चिडवायला पाडलेलं नाव, ते मुलांना चिकटलं, नातवंडांना चिकटलं आणि आडनाव होऊन बसलं.

मी कोश मिटला. सरांना वाटलं, पोरीचं काम झालं.

इथे आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरांचं आडनाव एकच आहे. त्यावरून पोस्टमनलासुद्धा घर सापडत नाही. म्हणून गावानं प्रत्येक घराला एक नाव ठेवलंय. कुणी बुटके, कुणी तोतरे, कुणी गोरे. आमच्या पणजोबांचे केस म्हणे मिशी फुटायच्या वयातच गेले, तेव्हापासून आम्ही टकल्याचे. पणजोबांना मी पाहिलेलं नाही. माझी वेणी कमरेच्या खाली जाते, तरी किराणावाले काका ओरडतात, "टकल्याची पोर आली, तिला आधी दे." दादाचं घर बघायला वहिनीच्या माहेरची माणसं आली, तेव्हा त्यांनी देवळापाशी नुसतं आडनाव सांगून पत्ता विचारला. दोन-तीन परक्या घरी चहा पिऊन मग ती आमच्याकडे पोचली.

कॉलेजात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथली बरीच मुलं वाशीच्या सोसायट्यांमधली, दारावर आडनावाची पाटी असलेली. मी तिथं आडनाव सांगून गप्प बसायचे.

घरी आल्यावर मी फक्त वहिनीला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत ते शेजारच्या आत्याकडेही पोचलं होतं.

"म्हंजे गोदीवाला सायेब आपल्याच भावकीतला!" आत्या दारातूनच म्हणाली. "आनि आमी इतकी वर्सं त्याला परका समजलो."

"बॅलार्डबाय, भाजी वाढू का?" वहिनीनं विचारलं.

दादा म्हणाला, "वाड, वाड. पन तेल कमी घाल. या घरात तेल लावायला जागा लय हाय."

हे बाबांच्या डोक्याकडे बघून होतं. बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते आणि ओट्यावर पाय धूत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मंग त्या लोकांना राग नाय येत?"

"कुणाला?"

"त्या बॅलार्डांना. पिढ्यान् पिढ्या टकल्या म्हनून हाका मारतात त्यांना."

"अर्थ विसरलेत लोक, बाबा. आता ते नुसतं आडनाव राहिलंय."

"इसरले?" बाबांनी तांब्या खाली ठेवला. "बरं हाय त्यांचं. आपलं कोन इसरत नाय."

राहिला होता तिसरा मुद्दा, ते आडनाव किती चालतं हा. त्यासाठी मी नेरूळच्या एस.टी.डी. बूथवर मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी चाळली. बूथवाल्यानं तीनदा विचारलं, "मॅडम, फोन कुठं लावायचाय?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "कुठं नाही, आडनाव बघतेय," तर तो समजुतीनं हसला. मी कुणा मुलाचा नंबर शोधतेय असं त्याला वाटलं, हे घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मुंबईच्या डिरेक्टरीवरून इंग्लंडातलं काही कळत नाही, हेही मला जरा उशिराच सुचलं. कोशात मात्र स्मिथला पानभर जागा होती आणि बॅलार्डला चार ओळी. तेव्हा आडनाव फारसं चालत नाही, असं मी ठरवलं. आत्याला ते पटेना. "एवड्या मोठ्या देशात टकले कमी?" मी खूप विचार केला. लोहार गावोगाव लागतो आणि लोहार म्हटल्यावर कुणी भांडायला उठत नाही. टकल्या म्हटल्यावर मात्र ज्याला जमेल तो दुसरं आडनाव धरत असेल. हे कोशात नव्हतं. मला वाटलं म्हणून मी ते भाषणात घातलं.

भाषण पाठ केलं. घरातलं एक अक्षरही त्यात येऊ दिलं नाही.

माझी पाळी आली. उगम झाला, अर्थ झाला. टक्कल या शब्दावर वर्ग थोडा हसला. मग किती चालतं ते सांगायला तोंड उघडलं आणि पुढचं वाक्यच येईना. मी फळ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'रिस्पेक्टेड' म्हणालं.

मॅडमनी त्याच्यावर डोळे वटारले आणि मला इंग्रजीत विचारलं, "पण चिडवायचं नाव पुढच्या पिढ्यांना कसं काय लागतं? ते तर त्या माणसाबरोबर संपायला हवं."

मला मदत करायला विचारलं असणार. उत्तर मला येत होतं. वर्गात ते फक्त मलाच येत होतं, असं मला अजूनही वाटतं. ते पाठ केलेलं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. पण खाली बसले असते तर इंग्रजी गेलं असतं, आणि दुसरं काही बोलायला माझ्याकडे नव्हतं.

"मॅडम, माय हाऊस," मी म्हटलं. "माय हाऊस इज हाऊस ऑफ बॉल्ड मॅन."

सगळे हसले. कुणीतरी माझ्या वेणीकडे बोट दाखवलं. मीही वेणीकडे बघितलं आणि म्हटलं, "येस, धिस ऑल्सो इज बॉल्ड." त्यावर मॅडमही हसल्या. मग मी पणजोबांचं सांगितलं, बुटक्यांचं, तोतऱ्यांचं, चहा पीत पीत पोचलेल्या पाहुण्यांचं. शब्द अडला की हातानं दाखवलं. पाच मिनिटं कधी संपली कळलं नाही. मॅडमनी थांबवलं तेव्हा माझ्या गोष्टीतला पोस्टमन घर शोधत अजून पारापाशीच उभा होता.

"व्याकरणाकडे बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तुझे पणजोबा अजून हयात आहेत असं वाटलं." मग त्या मराठीत म्हणाल्या, "इंग्रजीला नाव घालते तुझं."

बाबांना ओट्यावरच गाठून सांगितलं.

"काय बोललीस?"

"आपल्या घराचं सांगितलं. टकल्याचे कसे झालो ते."

त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला. "आनि हसली पोरं?"

"हसली."

"हसनारच." त्यांनी टॉवेलनं डोकं पुसलं. "इंग्रजीत सगला कसा सांगितलास? बोलून दाखव."

आत वहिनीनं भांडी वाजवायची थांबवली. मी ओट्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाबांना त्यातलं काही समजत नव्हतं, पण पणजोबांचा उल्लेख कुठे येतो ते त्यांना बरोबर कळत होतं, कारण तिथे मी डोक्यावरून हात फिरवत होते. तेवढ्या जागी ते मान डोलवत होते.

संपल्यावर ते म्हणाले, "परत बोल. या वक्ताला हलू बोल."