भाबीचा बुधवार

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. दूध डेअरीच्या पत्र्याखाली, गावातल्या निम्म्या बायका पलीकडं बसलेल्या असताना, एक बांगड्या भरणारी बाई माझा उजवा हात धरून म्हणत होती, "आबा, हात सैल सोडा."

हे तिचं रोजचं वाक्य. बांगड्या भरताना ती हेच म्हणायची. "सैल सोड गं. ताठ हाताला काच लागती." अंगठ्याच्या बुडाशी दाबून ती हात असा लहान करायची की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचं नाही. अशा बायका तुम्हीही बाजारात पाहिल्या असतील. पण त्यातल्या कुणाला म्हाताऱ्या माणसाच्या हातात पेन्सिल देताना पाहिलं नसेल.

तिचं नाव मी इथं सांगत नाही. गाव तिला भाबी म्हणायचं. विट्याच्या पुढं आमचा कोरडा मुलूख. तिथलं हे मुसलमान घर, पिढीजात बांगड्यांचं. नवरा गेल्यावर भाबी डोक्यावर पाटी घेऊन वाड्यावस्त्या हिंडायची. शिक्षण सातवी. प्रौढांच्या वर्गाला शिकवायला कोण येतं, असं शाळेतल्या गुरुजींनी विचारलं तेव्हा कॉलेजच्या पोरी एकमेकींकडं बघत बसल्या. भाबीनं हात वर केला. म्हणाली, "अक्षरं थोडी येत्यात. पर हात समद्यांचे ठावं हायत मला."

बांगडी फुटली असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. वाढली म्हणायची. तीच सवय तिनं वर्गात आणली. पेन्सिलीचं टोक मोडलं की "वाढलं". अक्षर उलटं पडलं तरी "वाढलं, दुसरं काढा." तिच्या वर्गात चुकलं हा शब्दच नव्हता.

आता माझं सांगतो. दुसरीतनं शाळा सुटली आणि मी मेंढरांमागं गेलो. दिवाळी झाली की पाटणच्या अंगानं कोकणात उतरायचं, पावसाळ्याच्या आधी माघारी यायचं. होती नव्हती ती अक्षरं मेंढरांनी चरून टाकली. पुढं मेंढरं विकली, शेती धरली. तलावाचं पाणी पाटानं रानात येऊ लागलं तेव्हा गावानं मला पाटकरी केलं. कुणाच्या रानाला कुठल्या वारी पाणी सोडायचं, ते बघणारा. आमच्याकडं त्या वाराला पाण्याचा नंबर म्हणतात. तलाव लहान. वरच्यानं हात मारला की खालच्याचं रान वाळतं. म्हणून नंबर मोडायचा नाही, मग तो सख्खा भाऊ असो. सगळे नंबर माझ्या डोक्यात. शेकडो मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्याला रानं काय जड? कुणी लिहून ठेवा म्हटलं की मी म्हणायचो, "कागद लागतो लबाडाला." आणि कुणी काही वाचायला पुढं केलं तर, "चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्याकडं कधी नव्हताच.

त्या उन्हाळ्यात माझं डोकं दगा देऊ लागलं. आधी मेव्हण्याचं नाव आठवेना. हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी मी तात्याच्या मिरचीला पाणी सोडलं आणि खालच्या वस्तीचा म्हादा खोरं खांद्यावर टाकून पाटावर आला.

"आबा, आज कुणाचा नंबर?"

"तात्याचा. सोमवार न्हवं का?"

"आवं सोमवार कालच झाला! आज मंगळवार, माझा. म्हातारपणी वार बी इसरला व्हय? का तात्यानं चहा पाजलाय?"

आजूबाजूच्या रानातली माणसं बांधावर उभी राहिली. विसरलो म्हणावं तर पाटकरीपण गेलं. नाही म्हणावं तर मी तात्याला फितूर. एकदा पाणीवाल्यावरचा विश्वास उडाला की गावात खोरी चालतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

पलीकडं भाबी तिच्या वांग्यांत खुरपत होती. तिचा नंबर बुधवारचा. ती उठली, पदर खोचला आणि तिथनंच ओरडली, "म्हादा, कशाला वराडतुयास रं? मीच आबास्नी म्हनलं, तात्याची मिरची मरतीया, आज त्येला द्या. उद्याचा माझा बुधवार तू घे. माझी वांगी दम धरत्यात."

म्हादा जरा निवळला. "मग आदी सांगायचं न्हवं, आबा?"

मी खोऱ्याच्या दांड्याकडं बघत म्हणालो, "सांगणारच हुतो."

भाबी मला एक शब्द बोलली नव्हती, हे मला माहीत आणि तिला माहीत. वांग्यांनी दम धरला नाही. पुढच्या बुधवारपर्यंत सगळी फुलं गळून गेली. मी रोज त्या बांधावरनं जायचो, पण मान त्या बाजूला वळवायचो नाही.

पाटावरच्या त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्या धाकट्या सुनेला बांगड्या भरायला घरी आली. सुनेचा हात हातात, नजर खाली, आणि बोलली मला. "आबा, दुपारच्याला डेअरीत येत जावा."

"कशाला?"

"डोस्क्यात लय साठलंय तुमच्या. थोडं फळ्यावर ठिवू."

"चष्मा न्हाई माझा."

तिनं स्वतःचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुढं धरला. "ह्यो घ्या की."

सून हसू दाबत होती. मी हट्टानं चष्मा घातला. सगळं लख्ख झालं. सुनेच्या हातातली हिरवी काच, भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडरावरची अक्षरंसुद्धा स्वच्छ दिसली. फक्त ती मला काही सांगेनात. चष्मा परत दिला तेव्हा माझे कान तापले होते.

तरी गेलो. सकाळचं दूध जातं आणि संध्याकाळचं यायचं असतं, त्या मधल्या वेळात डेअरीच्या पत्र्याखाली वर्ग भरायचा. मी दारात उभा राहिलो आणि सगळ्या बायकांचे पदर डोक्यावर आले. माझ्या दोन्ही सुना उठून कोपऱ्यात उभ्या. सासऱ्यापुढं सून तोंड उघडत नाही, मग ती धडा कसा वाचणार? माझ्यामुळं वर्ग मुका झाला. परत फिरणार तेवढ्यात भाबीनं दुधाचे रिकामे कॅन एका ओळीत लावले आणि त्यांच्यामागं, भिंतीकडं तोंड करून, माझं पोतं टाकलं.

"आबा, तुमी कुणाला दिसत न्हाई, तुमाला कुनी दिसत न्हाई. चला गं, वाचा."

हळूहळू आवाज फुटले. थोरली सून अख्ख्या ओळी वाचायची. मी कॅनमागं अजून पहिल्या अक्षरातच. रात्री ती मला भाकरी वाढायची तेव्हा तिची नजर खाली असायची, रीतीप्रमाणं. माझीही खाली असायची. ती कुठली रीत, ते तुम्ही समजून घ्या.

मी पेन्सिल खोऱ्यासारखी धरायचो. टोकांवर टोकं वाढली, कागद फाटले. शेवटी भाबी कॅनला वळसा घालून आली, शेजारी बसली आणि तिनं माझा हात धरला. "आबा, हात सैल सोडा."

मी हात हिसकला. कॅनचं झाकण फरशीवर खणखणत पडलं. पलीकडनं कुणीतरी म्हणालं, "भाबी, आबांना चुडा भरती का काय?" बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी पटका सावरला आणि निघून आलो. चावडीवर सांगितलं, "बायकांचं खूळ हाय सगळं."

आठवडाभर गेलो नाही. मग एका सकाळी पाटावर उभा राहिलो आणि वार आठवेना. आसपास चिटपाखरू नव्हतं. असतं तरी विचारणार कसं? पाटकऱ्यानं विचारायचं, की बाबा, आज वार कुठला? पाणी तसंच पुढं वाहत चाललं होतं आणि मी बांधावर खाली बसलो.

दुपारी कॅनमागं गेलो आणि हात पुढं केला. भाबीनंही मागचं काही काढलं नाही. फक्त अंगठ्याच्या बुडाशी दाबलं आणि म्हणाली, "सैल."

माझ्यासाठी तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. आधी सात वार शिकवले, मग त्या त्या वाराला ज्याचा नंबर त्याचं नाव. गावाचं पाणी हेच माझं पहिलं पुस्तक.

बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणारीला वाकून नमस्कार करायचा, अशी आमच्याकडची रीत. कुठल्या का जातीची असेना. वर्गातल्या बायकाही पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं की भाबीपुढं तशाच वाकल्या. मी माझं नाव लिहिलं त्या दिवशी नुसता उभा राहिलो. डोक्याला पटका बांधणारा माणूस, बांगडीवालीपुढं वाकणार कसा? भाबी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा, तुमची कंबर दुखती." माझी कंबर ठणठणीत होती. तेही तिला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभा भरली. पाणी आणखी कमी झालं होतं. चावडीवर फळा लावायचा, आठवड्याचे नंबर त्यावर लिहायचे, कुणीही वाचावं, असं ठरलं. म्हादा हसत म्हणाला, "आता आबाचं कसं? चष्मा ऱ्हायला घरी!"

मी उठलो, खडू घेतला. हात दगडासारखा झाला होता. गर्दीत भाबीला शोधलं, पण ती नव्हती. दम लागतो म्हणून महिनाभर सांगलीला लेकीकडं होती. तिची वांगी माझी थोरली सून बघत होती. मी मनातच म्हणालो, सैल सोड. आणि सोमवारपासनं रविवारपर्यंत सगळा फळा लिहून काढला. म्हादा जवळ येऊन म्हणाला, "आबा, माझ्या नावाचा काना ऱ्हायला की."

"वाढला," मी म्हणालो, आणि काना दिला.

त्या संध्याकाळी सुना भाबीला फोन लावणार होत्या. मीच अडवलं. "काय गरज हाय? आल्यावर बघंल." खरं सांगायचं तर फोनवर ती हसली असती आणि मला काही बोलता आलं नसतं. समोर आल्यावर काय करायचं ते मी ठरवत होतो. कंबरेचं ठरवत होतो.

मंगळवारी संध्याकाळी डेअरीत निरोप आला. भाबी दुपारीच गेली, दफनही सांगलीतच झालं. आमच्या गावातलं माती द्यायला कुणी नव्हतं. बायका दुधाच्या किटल्या खाली ठेवून तिथंच बसल्या. थोरली सून माझ्याकडं वळली. डोक्यावरचा पदर पडला होता, तिला भान नव्हतं. लग्न होऊन आल्यापासनं पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"मामंजी, तुमी फळा लिवला त्ये भाबीला कळलं का वो?"

मी दुधाच्या कॅनकडं बघत राहिलो. संध्याकाळच्या दुधासाठी ते भिंतीला लावले होते, मागं जाऊन बसायला जागा नव्हती.

बाहेर माणसं बोलत होती. "उद्याचा बुधवार मोकळाच की. म्हादाला दिऊन टाका." म्हादानं मात्र नको म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच चावडीवर गेलो. कुणीतरी बुधवारची ओळ ओल्या हातानं पुसून टाकली होती. मी खडू घेतला आणि तिचं नाव पुन्हा लिहिलं, पहिल्या अक्षरापासनं शेवटच्यापर्यंत. मग खोरं घेऊन पाटावर गेलो. वांग्याच्या रानात पाणी वळवायचं तर बांधाची माती हातानं काढावी लागते, आणि त्यासाठी वाकावं लागतं. मी वाकलो. पटका सुटून चिखलात पडला, तो उचलला नाही. शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत तसाच राहिलो.