सामुद्रधुनीच्या अलीकडे

परभणीच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. कायम नाही, तासिका तत्त्वावर. तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर असतो. तो कायमच्या प्राध्यापकांना नको असतो, म्हणून दरवर्षी माझ्याकडे येतो. शक्तिसंतुलन, प्रादेशिक सुरक्षा, महासत्तांची स्पर्धा. शिकवताना फळ्यावर आखाताचा नकाशा काढावा लागतो. आता तो हाताला इतका सवयीचा झालाय की काढताना मी दुसराच काहीतरी विचार करत असते. दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. राणीसावरगावाकडची मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली असतात. उरलेली मुलं स्पर्धा परीक्षेला काय येईल तेवढ्याखाली रेघ ओढून घेतात.

माझा नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये फिटर आहे. झरीच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. आयटीआय करून जहाजाच्या कोर्ससाठी मुंबईला गेला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा समुद्र पाहिला. तोपर्यंत येलदरीचं धरण हेच त्याच्या लेखी मोठं पाणी. आमचं ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "जहाज म्हणजे मिल्ट्रीत हाव का?" तो म्हणाला, "न्हाई मामा. मालाचं जहाज. आमच्याकडं बंदूकबिंदूक नसती." वडिलांना ते बरं वाटलं होतं.

पुढं एका वर्षी संक्रांत झाल्यावर त्याचं जहाज खत भरायला आखातात गेलं. तिकडं आधीपासूनच धुसफूस होती. मोठी राष्ट्रं एकमेकांना इशारे देत होती, छोटी राष्ट्रं कुणाच्या ना कुणाच्या आडोशाला उभी होती. मग एका पहाटे कुणीतरी कुणाच्या तरी तळावर मारा केला आणि आखातातून बाहेर पडायची जी एकच अरुंद सामुद्रधुनी आहे, तिथून जाणारी जहाजं जागच्या जागी थांबली. त्याचं जहाज भरून तयार होतं. नांगर टाकून तेही उभं राहिलं.

झरीच्या घरी मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. शेजारच्या खोल्यांमध्ये दीर-जाऊ, पण स्वयंपाक वेगळा. आत्यांना लिहिता-वाचता येत नाही, बातम्या मात्र त्या रोज ऐकायच्या. टीव्हीवर नकाशावरून विमानं उडायची, मागं ढोल वाजल्यासारखं संगीत, आणि बोलणारे सगळे एकाच वेळी ओरडायचे. आत्या मला विचारायच्या, "काय म्हणायलेत ते?"

"काही नाही, आत्या. अंदाज सांगायलेत."

"कुणी कुणाला मारलं?"

मी सांगायला लागायचे. हा देश, तो देश, यांच्यामागं ते, त्यांच्यामागं हे. तेलाच्या वाटा, बंदरं, तळ. अर्ध्यावर आलं की माझं मलाच ऐकवेना. एकदा वाटलं, त्यांच्या ओळखीचं काही सांगावं. म्हणाले, "समजा बांधावरनं दोन भाऊबंद भांडायलेत आणि दोघांच्यामागं गावातली दोन बडी घरं उभी हायत, तसं."

आत्या गवार निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बांधाच्या भांडणात भांडणारा समोर दिसतो, बाई. जाऊन पाया तरी पडता येतं. हितं कुणाच्या पाया पडू?"

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आठवड्यातून एक-दोनदा लागायचा. चित्र तुटायचं, आवाज मागून यायचा. तो हसूनच बोलायचा. एकदा म्हणाला, "आई, आज आमचं जहाज विमानतळावर उभं हाय." तिकडं कुणीतरी उपग्रहाचे संकेत मुद्दाम बिघडवत होतं. त्यामुळं जहाजावरच्या पडद्यावर त्यांची जागा वाळवंटातल्या एका विमानतळाच्या मधोमध दिसत होती. खिडकीतून बघावं तर चारी बाजूंनी पाणी.

आत्या म्हणाल्या, "विमानतळ हाय म्हणतोस, तर मग विमानात बस आणि ये की."

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. आम्हीही हसलो. फोन ठेवल्यावर आत्या म्हणाल्या, "त्याचं तोंड वाळलंय." मलाही ते दिसलं होतं. जहाजावर पाणी मोजून वापरायला सुरुवात झाली होती, ते त्यानं मला आत्यांना सांगू नको म्हणून बजावलं होतं.

दीर कृषी केंद्रातून रिकाम्या हातानं यायचे. खताचा माल वरूनच येत नाही म्हणायचे. एकदा त्यांनी भावालाच फोनवर विचारलं, "तुझ्या जहाजात तर खतच हाय ना? आन की हिकडं." तो म्हणाला, "ते ब्राझीलला जायचं हाय, दादा."

झरीच्या स्टॉपवर मी एसटीची वाट बघत उभी राहायचे. तिथल्या हॉटेलातली माणसं मला ओळखतात. "मॅडम, होतंय का युद्ध?" रोज कुणीतरी विचारायचं. एक जण म्हणायचा, "एकदाचं होऊन जाऊ द्या. रोजची कटकट मिटंल." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. क्रिकेटच्या मॅचबद्दल बोलावं तसं तो बोलायचा. सुरुवातीला मी त्याला काहीतरी समजावून सांगायचे. पुढं पुढं नुसतं "बघू" म्हणून बसमध्ये चढायला लागले.

वर्गात शिकवणंही जड झालं. सुरक्षेचा पेच म्हणून एक धडा आहे. एक देश स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्रं घेतो, ती बघून शेजारी घाबरतो आणि तोही घेतो, मग पहिला आणखी घाबरतो. मी हे इतक्या वेळा शिकवलंय की वाक्यं आपोआप येतात. त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, दोघंही घाबरलेले असतात, तर त्यांना कुणी सांगत का नाही?"

"कोण सांगणार?" मी म्हणाले.

तिनं ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे. मी खडू ठेवला आणि हजेरी घेतली.

मग एक जहाज पेटलं. त्याचं नव्हे, त्यांच्याच शेजारी नांगर टाकून उभं असलेलं दुसरं. कंटाळून, की वरून हुकूम आला म्हणून, ते एकटंच सामुद्रधुनीकडं निघालं होतं. काहीतरी येऊन त्याच्या मागच्या बाजूला आदळलं. मागच्या बाजूला खाली इंजिन रूम असते. नवऱ्यानं मला लांबून दिसणाऱ्या धुराचा फोटो पाठवला आणि लगेच पुसून टाकला. पण मी तो बघितला होता. नंतर कळलं की तिथला एक माणूस गेला. इंजिन रूममधलाच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी परभणीच्या बसस्थानकावर झरीवरून जिंतूरला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. दुपारची वेळ, फलाटावर बसायला जागा नव्हती. त्याचा फोन आला. या वेळी साधा कॉल होता आणि आवाज अगदी स्वच्छ, जणू गंगाखेडहून बोलतोय.

"ऐक," तो म्हणाला. "कॅप्टननं सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं होतं. कंपनी म्हणायलीय, वाट मोकळी करून देतो असा शब्द मिळालाय, जहाज काढा. पण जायचं का न्हाई ते ज्यानं त्यानं सांगायचं. नको म्हणला तर उतरवून घरी पाठवतेत. उद्या सकाळी सांगायचंय."

"शब्द कुणी दिला?"

"ते कुणालाच ठाव न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. तू शिकवतीस ना हे. तू सांग. जाऊ देतील का मारतील?"

माझ्या शेजारी एक बाई पेरूंची पाटी घेऊन उभी होती. कंडक्टर मानवतची गाडी पुकारत होता. मी इतकी वर्षं वाचलेलं सगळं आठवून बघितलं. कोणता देश कधी माघार घेतो, धमकी कधी खरी असते, शब्द कधी पाळला जातो. त्यातलं काहीही एका जहाजाबद्दल नव्हतं.

"पुस्तकात तसं नसतं हो," मी म्हणाले.

"मग काय असतं?"

मी फलाटावर येणाऱ्या गाडीची पाटी वाचत राहिले. तो चिडला नाही. "बरं, घरी जाऊन विचार कर. आईला इचार. मी सांजच्याला फोन लावतो."

घरी आले तेव्हा आत्या अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"बाकीचे काय म्हणायलेत?"

"बरेचजण हो म्हणणार दिसतंय. पुढं काम मिळणार नाही, अशी भीती."

"आपल्याला शेत हाय. त्याला म्हणावं, ये."

दिवेलागणीला फोन आला. मी एवढंच म्हणाले, "या." त्यानं विचारलं, "पक्कं?" मी म्हणाले, "हो."

त्याच्यासह दोघांनीच नकार दिला. दुसरा गोव्याचा स्वयंपाकी. त्या दोघांना बोटीनं किनाऱ्यावर नेऊन एका हॉटेलात ठेवलं. आकाश बंद होतं, विमानं सुटत नव्हती. तो तिथं अडकलेला असतानाच बातमी आली की त्यांचं जहाज सामुद्रधुनी ओलांडून खुल्या समुद्रात पोचलं. कुणालाही ओरखडा नाही. ज्यानं शब्द दिला होता, त्यानं तो पाळला होता. निदान त्या दिवशी तरी.

मला आधी हायसं वाटलं. मग आठवलं, 'या' मीच म्हणाले होते.

तो आला तो तीन देश फिरून. मुंबईहून संभाजीनगर, तिथून सेलूची गाडी मिळाली म्हणून देवगाव फाट्यावर उतरला. मी आणि दीर जीप घेऊन गेलो. फाट्यावरच्या टपरीजवळ तो बॅगेवर बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला आणि म्हणाला, "लय ऊन हाय गं हिकडं." जणू आखातात गारवा होता. दिरांनी बॅग उचलली. वाटेत तो जिंतूरपर्यंत झोपला, मग झरीपर्यंत नुसता बाहेर बघत राहिला.

पहिले काही दिवस घरात सण होता. आत्यांनी पुरण घातलं, पाहुणे येऊन गेले. सगळ्यांना त्याच्याकडून धमाका ऐकायचा होता. तो म्हणायचा, "उभं राहिलो. बाकी काय न्हाई." लोकांचा हिरमोड व्हायचा. मग हळूहळू दुसरं बोलणं कानावर यायला लागलं. जहाज तर सुखरूप गेलं म्हणे. हाच का उतरला? तोंडावर कुणी बोललं नाही. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.

इंजिन रूममधला त्याचा जोडीदार केरळचा होता. हा उतरल्यावर याचं काम त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. त्यानं एक फोटो पाठवला: डेकवर उभा, मागं नुसतं निळं पाणी. खाली मजकूर काही नव्हता. नवरा तो फोटो मोठा करकरून बघत बसला होता. मी चहा ठेवला.

"मी 'या' म्हणायला नको होतं का?" मी विचारलं.

"तसं काय न्हाई."

"मग?"

"ते पेटलं असतं तर तुझं बरोबर ठरलं असतं," तो म्हणाला. "न्हाई पेटलं, ते चांगलंच झालं. त्यात माझे लोक होते." चहा घेतला. "पण आता मी काय म्हणू, ते समजंना झालंय."

आम्ही दोघंही थकलो होतो, आणि थकायला आम्ही केलं तरी काय होतं? एका प्रश्नाला एक उत्तर दिलं होतं.

कंपनी परत बोलावीना. एजंट "बघू, कळवू" म्हणायचा. पावसाळा आला आणि गेला. तो दिरांबरोबर शेतात जायचा. गावातल्या लोकांच्या विहिरीतल्या पाणबुड्या मोटारी दुरुस्त करून द्यायचा. हात चांगला आहे, म्हणून लांबून लोक यायचे. आत्या खूश होत्या. पण कापूस वेचणीच्या सुमाराला एक दिवस त्या मला म्हणाल्या, "जेवायलाय, झोपायलाय, पर बोलंना झालंय पोरगं. त्याला जाऊ दे, बाई. मी 'ये' म्हणलं म्हणून आलं. आता मीच 'जा' म्हणते."

"तिकडं अजून मिटलं नाही, आत्या."

"मिटायचं न्हाई ते. तूच तर सांगतीस."

थंडी सुरू झाल्यावर दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. जहाज कुठल्या वाटेनं जाईल ते चढल्यावर कळणार होतं. त्यानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आत्यांनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली.

परभणी स्टेशनवर आम्ही दोघी त्याला सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. तो आत्यांच्या पाया पडला, माझ्याकडं बघून म्हणाला, "फोन लागला न्हाई तर घाबरू नका. रेंज नसती." आत्या म्हणाल्या, "जेवत जा." गाडी हलल्यावर त्यांनी हातसुद्धा वर केला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

स्टेशनवरून बसस्थानकापर्यंत चालत आलो. जिंतूरची गाडी भरलेली होती, पण एका पोरानं उठून आत्यांना जागा दिली आणि शेजारची बाई उतरल्यावर मलाही मिळाली. गाडी शहराबाहेर पडली तशा त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मलाही झोप येत होती. पण डोळा लागला असता तर झरी मागं राहिलं असतं, म्हणून डोळे उघडे ठेवून बसले.