दिवेलागणीची मोजणी

आमच्या घरात दिवेलागणीला शुभंकरोती नव्हती, मोजणी होती. भवानी पेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्याच्या उंबऱ्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, उभे राहायचे. आम्ही तिघं भावंडं आतल्या भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचो. आण्णा बोट दाखवून म्हणायचे, "एक." मी थोरली, म्हणून मी ओरडायचे, "हाजीर!" मग दोन, म्हणजे बहीण. मग तीन, म्हणजे आमचं शेंडेफळ, ते कधी झोपेत असलं तर मी त्याचा हात धरून वर करायचे. शेवटी "चार" म्हणून आण्णा चुलीकडे बघायचे आणि आई भाकरीवरची नजर न काढता "हाजीर" म्हणायची. "झाली मोजणी. वाढ आता," असं आण्णा म्हणाले की मगच ताटं मांडली जायची.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. तिसरीत असताना शेजारच्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं होतं, "तुमच्यात मोजणी कोण घेतं?" ती म्हणाली, "कसली? धान्याची?" मी तिला वेड्यात काढलं.

आण्णा गिरणीत मागावर होते. आमच्या भिंतीला भिंत लावून आक्का राहायच्या. पद्मशाली, घरात तेलुगू, दिवसभर दारात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. बोटं विडीच्या पानावर आणि डोळे अख्ख्या आळीवर. कोणाकडे पाहुणा आला, कोणाची कढी उतू गेली, आक्कांना आधी ठाऊक. आई म्हणायची, "त्यांच्यापासून लपवायचं म्हंजी कोंबडं झाकून ठेवल्यासारखं हाय."

हे आईनं म्हणावं याचं मला आता हसू येतं. कारण आमच्या घरात एक कोंबडं झाकलेलं होतंच, आणि मला अठरा वर्षं पुरी होईपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

सत्तरीचं दशक होतं. इंटरचा निकाल लागला. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि आमच्याच गावात मेडिकल कॉलेज होतं, म्हणजे घरी राहून शिकता आलं असतं. हॉस्टेल वगैरे आम्हाला झेपणारं नव्हतं. मार्क चांगले पडले होते, आळीत पेढे वाटण्याइतके. पण खुल्या यादीत नाव लागेल इतके नव्हते. थोडक्यात हुकणार हे कॉलेजातल्या सरांनी बोट दाखवून समजावलं. मी घरी आले, अर्ज फळीवर टाकला आणि पालथी पडून रडले.

आईनं तो अर्ज उचलला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ हातात धरून बसली. मग आण्णांना म्हणाली, "सांगा आता तिला. किती दिस झाकून ठिवायचं?"

आण्णांनी उठून दार लोटून घेतलं. शेवटी आईनंच सांगितलं. आम्ही मराठा नव्हतो. आम्ही कैकाडी. इंग्रजांनी ज्या जातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यातले. आण्णांचं लहानपण गावाबाहेर सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात गेलं होतं. स्वातंत्र्यानंतर तार निघाली, आण्णा पेठेत राहायला आले, आणि मला शाळेत घालताना मास्तरांना त्यांनी "हिंदू मराठा" म्हणून सांगितलं. मास्तरांनीही तसंच लिहून टाकलं. आता सरकारनं आमच्यासारख्यांसाठी मेडिकलच्या काही जागा राखून ठेवल्या होत्या. फक्त जातीचा दाखला हवा होता. आणि तो मिळवायचा तर इतकी वर्षं खोटं सांगितलं, हे आण्णांना कचेरीत उभं राहून सांगावं लागणार होतं.

"मी न्हाय जायचा," आण्णा म्हणाले. "पोरं हितं मोठी झाली. लोकास्नी कळलं तर घरमालक ऱ्हाऊ दील का?"

माझा स्वभाव तेव्हाही तापट होता. मी फाडकन बोलले, "तुमाला पोरीपेक्षा आळी मोठी. तुमी खोटं सांगितलं आणि शिक्षा मला का?"

त्या संध्याकाळी मोजणी झाली नाही. आण्णा उंबऱ्यावर उभे राहिलेच नाहीत. आम्ही ओळीनं बसलो, धाकट्यानं दोनदा "हाजीर" म्हणूनही बघितलं, पण कोणी बोट दाखवलं नाही. आईनं तशीच ताटं वाढली. मी भाकरी ताटात तशीच ठेवली. माझ्या बोलण्यानं काय झालं ते मला कळत होतं, आणि माफी मागायला जीभ वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी कामावरून आल्यावर मला जवळ बसवलं.

"तुला वाटतं मी हजेरी खेळ म्हून घेतो," ते म्हणाले. "तारंच्या आत रोज सांजंला शिट्टी व्हायची. सगळ्यांनी ओळीनं बसायचं. बाया, म्हातारी, तान्ही पोरं सुदिक. शिपाई मोजायचा. एक जरी कमी भरला तरी सगळी ओळ तशीच बसलेली. पाऊस असू दे न्हायतर थंडी. जेवान न्हाय, काय न्हाय. कमी पडलेला यील तवा उटायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "पन मोजणी पुरी झाली की माझी आई आमाला पोटाशी घट धरायची. म्हणायची, भरली माझी ओळ. सगळी हाईत. तितलं सगळं मी टाकून आलो. भाषा टाकली, टोपल्या विनायचं टाकलं. तेवढं एक टाकता न्हाय आलं."

मी आण्णांच्या मांडीवर डोकं ठेवलं. अठरा वर्षांची घोडी मी, पण ठेवलं. ते म्हणाले, "उद्या जाऊ कचेरीत."

कचेरीतल्या कारकुनानं शाळेचा दाखला उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आत्तापर्यंत मराठा होता, आता जागा दिसली की कैकाडी झाला होय?" आण्णा हात जोडून उभे. मी काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. कारकुनानं सांगितलं, सेटलमेंटमधला एक कागद आणा, आणि राहत्या घरी चौकशी होईल, आळीतल्या परजातीच्या माणसाचा जबाब लागेल. कागद सापडला. माझ्या आजोबांचा तारेबाहेर जायचा पास, आईनं ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवलेला. आण्णांनी तो जाळून टाक म्हणून तिला सांगितलं होतं, आणि ती "व्हय, जाळला" म्हणाली होती. त्या दिवशी आण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

पण जबाब देणार कोण? आळीत आम्ही मराठा. कोणाला जाऊन सांगायचं, की या, आम्ही ते नव्हतो म्हणून साक्ष द्या?

चौकशीला महसूल खात्याचे सर्कलसाहेब आले ते भर दुपारी. आण्णांनी त्यांना बाज टाकून दिली. साहेबांनी आजूबाजूला नजर फिरवली, तर दारात विड्या वळणाऱ्या आक्का. त्यांनी त्यांनाच हाक मारली. आण्णांचा चेहरा पांढरा पडला. आक्कांच्या तोंडी गेलेली गोष्ट म्हणजे अख्ख्या पेठेत दवंडी.

"या माणसाची जात कुठली, ठाऊक आहे?" साहेबांनी विचारलं.

आक्कांनी हातातली विडी पुरी वळली, दोरा गुंडाळला, मग म्हणाल्या, "कैकाडी की."

साहेबांनी मान वर केली. "कुणी सांगितलं? यांनी शिकवलं का?"

"कोन कशाला शिकवतं? माझं म्हायेर तारंच्या भाईरच व्हतं. लहानपनी रोज सांजंला ती शिट्टी आयकली, ती ओळ बगितली. हा हितं ऱ्हायला आला त्या पैल्याच दिशी दारात हुबा ऱ्हाऊन पोरगी मोजली. एकच व्हती तवा ही. एकच लेकरू, त्येला काय मोजायचं सांगा? तवाच वळकलं मी. असं मोजनारी मानसं एकाच जागेवरनं येत्यात."

साहेब लिहायला लागले. साहेब गेल्यावर आण्णा म्हणाले, "आक्का, इतकी वर्सं तुमाला ठावं व्हतं? आन कुणाला बोलला न्हाई?"

"तुला सांगायचं नव्हतं, मग मी कशाला बोलू?" आक्का म्हणाल्या, आणि पुढचं पान कातरायला घेतलं.

आण्णा आत आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि लहान पोरासारखे रडले. इतकी वर्षं त्यांनी सगळं लपवलं, आणि जी एक मोजणी टाकता आली नव्हती तिनंच त्यांचं गुपित पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. आणि ज्या बाईची सगळ्यात जास्त धास्ती घेतली, तिनं ते जपलं होतं. मी तोवर कितीतरी लोकांना वाचाळ म्हणून हिणवलं असेन, पण त्या दिवसापासून मी जरा सांभाळून बोलते.

दाखला अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात पडला. माझी निवड झाली. सगळंच गोड झालं असं नाही. साहेबांच्या चौकशीमुळे आळीला कळलंच. घरमालक काही बोलला नाही, पण समोरच्या काकूंनी आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. आई म्हणाली, "बरं झालं, माझी साडी धुवायची वाचली." आणि संक्रांतीला दिवसभर दाराबाहेर आली नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये सर हजेरी घेत होते. पुढचे सगळे "येस सर" म्हणत होते. कॉन्व्हेंटात शिकलेली, डॉक्टरांची मुलंमुली. मी मनात "येस सर" घोकत बसले होते. माझा नंबर आला आणि तोंडातून खणखणीत निघालं, "हाजीर!"

अख्खा वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "राखीव दिसतेय." माझे कान तापले. तापट बाई मी, पण त्या दिवशी खाली मान घालून वहीवर रेघोट्या ओढत राहिले. दिवसभर वाटत राहिलं, की मी चुकून भलत्याच घरात शिरले आहे.

त्यातच पुढचं प्रॅक्टिकल लांबलं. घरी पोचायला उशीर झाला, आळीत दिवे लागून गेले होते. दारात आण्णा उभे होते. आत बहीण आणि भाऊ भिंतीला पाठ लावून बसलेले, आई त्यांच्याशेजारी, ताटं पालथी. आणि ओळीच्या टोकाला, मांडीवरचं सूप बाजूला ठेवून, आक्का.

"भूक लागली," धाकटा म्हणाला. "पण तू आली नव्हतीस ना."

मी चपलाही न काढता ओळीत जाऊन बसले. अंगाला औषधांचा उग्र वास येत होता, तरी बहीण मला चिकटली. मग मला रडूच फुटलं. कॉलेजात काय झालं ते मी सगळं सांगितलं, ते हसणं, ते मागचं वाक्य.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तरांनी वहीत मांडलं का न्हाई?"

"मांडलं."

"खाडा न्हाय लावला?"

"नाही."

"मग झालं की," आण्णा म्हणाले. "मोजणीत आलीस न्हवं?"

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "एक."