दुसऱ्याचं ‘मी’

इंग्रजांच्या अमदानीत बेळगावच्या कोर्टात दुभाष्याची सनद मिळायची, ती सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतर. आमचे मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याकडचे, कन्नडचा गंध नाही. साक्षीदार कन्नडमध्ये बोलायचा, मी ते मराठीत सांगायचो. नियम एकच, पण माझ्या जिवावर येणारा: साक्षीदार ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतो’ चालायचं नाही.

आमच्या घरात स्वतःविषयी वाईट बोलायची चोरी होती. वास्तू तथास्तु म्हणते, असं आई बजावायची. आणि इथे मी रोज ‘मी चोरी केली’, ‘मी बुडालो’ म्हणत उभा. शिरस्तेदारांना गंमत वाटायची. म्हणायचे, "कोर्टाची वास्तू तथास्तु म्हणत असती, तर निम्मा जिल्हा फासावर गेला असता की रं."

उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यात बांधावरच्या मारामारीचा खटला आला. मार खाल्लेल्या शेतकऱ्याला विचारलं, फिर्याद महिनाभर उशिरा का दिली? तो खाली बघून म्हणाला, "माझी बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं."

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला निपाणीत माहेरी होती, दिवस भरलेले. मी कसंबसं म्हणालो, "यांच्या घरात दुःख झालं होतं." आरोपीचे वकील कन्नड जाणणारे, ते ताडकन उठले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जसंच्या तसं सांगा. जमत नसेल तर सनद विसरा."

सांगितलं. पोटासाठी सांगितलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

शनिवारी सनद हातात पडली. ती खिशात कोंबून निपाणीची मोटार धरली. वाटेत कुठल्या देवाला काय काय बोललो, ते सांगण्यासारखं नाही. दारातच सासूबाई म्हणाल्या, "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हाईत." मी तिथेच पायरीवर बसून चक्क रडलो. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बायकोला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. ती लेकीला थोपटत ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या घरात आता कोण हाय?"

साऱ्या कोर्टासमोर त्या माणसाचं दुःख मी माझं म्हणून सांगितलं होतं. तो बाहेर पडला तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं.