बहिणीच्या लग्नाची मुकी कॅसेट

लग्नाची शूटिंग करणाऱ्याला आवाजाशी काही देणंघेणं नसतं. कारण कॅमेऱ्याच्या माईकमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्याचाच येतो. "ओ काकू, डोकं खाली!" "नवरदेव, हसा जरा, हळद लागलीय, फाशी नाय!" हे ओरडणं कोणाला ऐकायचंय? म्हणून मिक्सिंगला खालचा आवाज उडवायचा आणि वरून पिक्चरची गाणी टाकायची. मी तर शाळेतसुद्धा तोंड बंद ठेवलं नाही म्हणून लवकर घरी आलेला माणूस. माझ्या कॅसेटी तर मुक्याच बऱ्या.

आई आमच्या जूचंद्र गावची धवलारीण. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायला बायका तिलाच न्यायच्या. म्हणजे मी शूट केलेल्या अर्ध्या हळदींत मागे आई गात असायची, आणि मी तिला माझ्या हाताने उडवायचो. कॅसेटी पण पुसायचो, पुढच्या लग्नाला लागतात म्हणून.

मग आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा पण गेली. नुसती बघायची. त्यानंतर हळदीत डीजे कितीही वाजूदे, माझा एक कान मागे असायचा. मागे कोणी नसायचं.

न पुसलेली एकच कॅसेट राहिली होती, बहिणीच्या लग्नाची. राहिली कारण मी ती मिक्सच केली नव्हती. गिऱ्हाइकाचं काम आज, घरचं उद्या. बहिणीचा मुलगा शाळेत जायला लागला तरी माझं उद्या काही उजाडलं नव्हतं.

बहीण म्हणाली, "दादा, गाणीबिणी नको टाकू. आईचा आवाज तेवढा काढून दे."

कॅमेऱ्याचा स्पीकर कधीच मेला होता. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली, मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. चित्र आलं, आवाज नाही. आईचं तोंड हलतंय, ऐकू काहीच येत नाही. घरात मुकी, कॉम्प्युटरमध्ये पण मुकी.

मी वायर बदलली. स्पीकर उलटे केले. कॉम्प्युटरला थापट्या मारल्या, अगरबत्ती ओवाळली. बायको म्हणाली, "आईंचं लकव्याचं तेल चोळून बघा त्याला."

शेवटी कॉम्प्युटरचा डबा उचलून फुलपाड्याला गेलो, कॉम्प्युटर रिपेअर करणाऱ्या दोस्ताकडे. त्याने तीच फाईल साध्या प्लेयरवर लावली. लगेच हळदीचा गलका सुरू. मला एकच सॉफ्टवेअर यायचं. दुसरीकडे लावून बघावं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"आवाज आहे रे," तो म्हणाला. "चित्राच्या आतच भरलाय. तुझ्या सॉफ्टवेअरला तो वेगळा काढून लागतो. कॅसेट आत घेतानाची, कॅप्चरची सेटिंग चुकलीय. कधीपासून असं?"

"कॉम्प्युटर घेतल्यापासून असेल."

"आणि तुला कळलं नाय?"

"मी आवाज ऐकतो कधी?"

तो इतका हसला की त्याचा चहा कीबोर्डवर सांडला.

सेटिंग बदलली, घरी येऊन कॅसेट परत आत घेतली. आवाज आला. माझा! "लाईट! लाईटवाला कुठे मेला!" पार लांब, भिंतीपलीकडून आल्यासारखा आईचा धवला. तिने ओळ उचलली की मी ओरडलोच. माझा आवाज वेगळा काढता येतो का, दोस्ताला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "एकाच माईकमधले दोघं. गेलात तर दोघं जाल."

तसाच ऐकत राहिलो, स्वतःला शिव्या घालत. आणि एका जागी एकदम आईचा आवाज कानाशी आला. "खा रं पोऱ्या आदी. सकालपासून पोटात काय नाय." तिने अख्खा बुंदीचा लाडू माझ्या तोंडात कोंबला होता. मी चावत होतो, त्यामुळे गप्प. आणि ती तिथेच, कॅमेऱ्याला खेटून, पुढची ओळ गायला लागली. लाडू संपेपर्यंत सगळा धवला स्वच्छ.

बहिणीला बोलावलं. आईला खुर्चीत बसवून कॉम्प्युटरसमोर आणलं. धवला सुरू झाला. आई पडद्याकडे बघत होती, कळतंय की नाही समजेना. मला राहवेना.

"आई, तूच गं ही! ऐक, आता लाडू..."

तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर दाबला. हाताला लकव्याच्या तेलाचा वास येत होता. धवला संपला तरी मी तो हात काढला नाही.