नाईकांच्या रेडिओचा थकलेला व्हॉल्व्ह

हिरामण नाईकांनी रेडिओ माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "मिस्तरी, सुधाकर म्हणते हा मेला. नवा ट्रान्झिस्टर घ्या म्हणते."

सुधाकरचं नाव ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. आर्णीत रेडिओ दुरुस्तीचं पहिलं दुकान माझं. हा नागपूरला शिकून आला आणि माझ्याच समोर शोकेस लावून बसला. त्याच्याकडे गादीच्या खुर्च्या होत्या. माझी जुनी गिऱ्हाइकं तिथे बसून चहा प्यायची.

नाईक बंजारा तांड्याचे प्रमुख. ते घेतील तेच तांडा घेणार. हे गिऱ्हाईक गेलं की तांडा गेला.

"मेला नाही. थकला हाय," मी म्हणालो.

त्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. आतली तार तापली की रेडिओ बोलतो. वर्षं गेली की तार थकते, आवाज बसतो. सगळे व्हॉल्व्ह थकले तर सेट बदलावा. एकच थकला तर तेवढा बदलावा. नाईकांचा एकच थकला होता.

तसा व्हॉल्व्ह सुधाकरच्या कपाटात होता. पण त्याची पायरी मी चढणार नव्हतो. घरच्या रेडिओतला काढला.

बायको म्हणाली, "त्याच्यावर जळता तुमी, अन् घर मुकं आमचं?"

"राहू दे मुकं."

नाईकांचा सेट असा वाजला की सुधाकर दारात आला. मी आवाज आणखी वाढवला. नाईक खूश होऊन गाडी जुंपून गेले.

पुढच्या बाजाराला तेच नाईक सुधाकरच्या दुकानातून उतरले. खांद्याला कातडी पट्ट्याचा ट्रान्झिस्टर. मी रस्त्यातच अडवलं.

"काहून नाईक, बिघडला काय?"

"नाही गा. मस्त वाजते. म्हातारी ऐकते दिवसभर."

"मंग हे कायले?"

"तो फळीवर बसते, मिस्तरी. आमी वावरात. आमच्या बापजाद्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला. घरात बसणारी वस्तू आमाले किती दिवस पुरन? हा संगं येते."

सुधाकर पायरीवरून ऐकत होता. "काका, या, चहा घ्या," म्हणाला. मी घेतला नाही.

त्या हंगामात तांड्यातल्या बाया ट्रान्झिस्टर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवून कापूस वेचत होत्या. सगळे सेट त्याच्याकडचे.

दुरुस्त करावं की बदलावं, हे नुसता व्हॉल्व्ह पाहून ठरत नाही. गिऱ्हाईक कुठे बसून ऐकतं, ते आधी विचारावं. मी पुढे विचारू लागलो.

आवाज मात्र मी दुरुस्त केलेल्या सेटचाच भरदार होता. सुधाकरनंही कुणाला तरी तसं सांगितलं म्हणे. मला नाही सांगितलं.